‘नंबर लागला नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : “नंबर लागला नाही.” का लागला नाही, असं विचारलं तर तीनपैकी एक उत्तर मिळतं. नशिबात नव्हतं. आपल्याला कोण देतं? किंवा, पोरीचं डोकंच तेवढं नाही. तिन्ही उत्तरं वेगळी दिसतात, पण काम एकच करतात. पुढचा प्रश्न बंद करतात.

आम्ही वस्तीतल्या बुद्धविहारात विद्यार्थ्यांचे कागद बघायला बसतो. बी. फार्म.चा प्रवेश हुकलेली एक मुलगी आईला घेऊन आली. ती एका मेडिकलच्या काउंटरवर काम करते. “यंदा जास्त अभ्यास करते आणि परत फॉर्म भरते,” म्हणाली. आम्ही म्हटलं, फॉर्म नंतर. आधी गेल्या वर्षीचे सगळे कागद आण. सीईटीचं गुणपत्रक, अर्जाची प्रत, गुणवत्ता यादीतला क्रमांक, भरलेला पसंतीक्रम.

दोन तास बसल्यावर तीन गोष्टी निघाल्या. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत जमा झालं नव्हतं, म्हणून अंतिम यादीत तिला अनुसूचित जातीऐवजी खुल्या प्रवर्गात धरलं होतं. पसंतीक्रमात फक्त तीन कॉलेजं होती, तिन्ही शहरातली. आणि फिजिक्सचे बरेच प्रश्न तिने कोरे सोडले होते, चुकलं तर गुण कापतील या भीतीने. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर ती ‘अभ्यास कमी पडला’ म्हणून स्वतःला कोसत होती. नुसता अभ्यास वाढवून यातलं एकही कारण दूर झालं नसतं. तसाच फॉर्म पुन्हा भरला असता, तर निकालही तसाच लागला असता.

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं, ते इथे उघड दिसतं. ज्याच्या घरात काका इंजिनिअर, मावशी प्राध्यापक, त्याला हे कागद वाचायला शिकवावं लागत नाही. जेवताना बोलता बोलता ते कळतं. आपल्या पोरांच्या हातात कागद असतात, पण ते वाचणारं घरात कुणी नसतं.

मित्रांनो, ऑक्टोबर १९२२ मध्ये बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध डी.एस्सी.साठी लंडनमध्ये सादर केला. मार्च १९२३ मध्ये दुरुस्त्या करा म्हणून तो परत आला. पैसे संपत आलेले, मुंबईला परतणं भाग होतं. बाबासाहेबांनी नशिबाला बोल लावला नाही आणि आपले निष्कर्षही सोडले नाहीत. परीक्षकांना कुठे अडचण आहे ते पाहिलं, मांडणी नव्याने केली, ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. पुढे पुस्तक निघालं तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच लिहिलं की यातले बरेच युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत. म्हणजे दोष विचारून घेणं ही शरणागती नव्हे. जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, तसा हा परत आलेला प्रबंधही सांगायला हवा.

काही कार्यकर्ते म्हणतील, ही तर व्यवस्थेची वकिली झाली. नाही. कारण शोधलं की त्याचे दोन भाग पाडता येतात. कोरे प्रश्न आणि अपुरा पसंतीक्रम आपण आपल्या हाताने सुधारू शकतो. वैधतेचं तसं नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या कितीतरी नोंदी उर्दूत आहेत. आजोबा भूमिहीन, शाळेत कधी न गेलेले. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच नातवंडांकडे त्या शाळेचा दाखला मागायचा, हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढायचंच आहे. पण नेमकं कुठे अडवलं हे माहीत नसेल, तर मोर्चाच्या निवेदनात लिहिणार काय?

म्हणून पुन्हा अर्ज करण्याआधी हे करा. बारावीची वाट न पाहता अकरावीतच वैधतेचा अर्ज टाका. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर स्वतःचं नाव आणि प्रवर्ग तपासा. हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. मागच्या फेऱ्यांचे कटऑफ जाहीर असतात, ते समोर ठेवून पसंतीक्रम भरा. उस्मानपुऱ्यातलं शासकीय कॉलेज वर लिहा, पण त्याच्याखाली जिल्ह्याबाहेरचीही लिहा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, आणि माहिती का हवी हे सांगावं लागत नाही. कुणी संस्थास्तरावर थेट जागा देतो म्हणालं, तर शिष्यवृत्ती मिळणार का हे आधी समाजकल्याण कार्यालयात विचारा, मगच पैसे भरा.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे. शहरातल्या कितीतरी दुकानांत औषधं काढून देणारी पोरं आपली असतात, भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रावर नाव मात्र दुसऱ्याचं असतं. त्या मुलीला तिथे स्वतःचं नाव हवं आहे. तिच्या वैधतेचा अर्ज आता समितीकडे दाखल आहे, पावती आमच्या फाईलमध्ये आहे.

प्रत्येक विहारात जूनपासून आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडता येईल. एक मोबाइल, एक वही आणि कागद वाचता येणारे दोन कार्यकर्ते पुरेत. ‘नंबर लागला नाही’ म्हणत कुणी आलं, तर सांत्वन करत बसू नका. कागद मागा.

जय भीम.