सोमवारचा फोन आणि काकूंचा चौका

सॉल्ट लेक सिटीतल्या आमच्या गल्लीत सोमवार हा आयांचा दिवस असतो. धर्मप्रचाराला गेलेली मुलं त्या दिवशी घरी फोन करतात. माझ्या शेजारणीचा धाकटा ब्राझीलमध्ये आहे. हायस्कूल संपलं आणि कॉलेजात नाव घालण्याऐवजी तो पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी नावपट्टी लावून निघाला. त्या पट्टीवर त्याचं आडनाव आहे, पहिलं नाव नाही. दोन वर्षं सगळे त्याला 'एल्डर' म्हणणार. सोमवारी सकाळी शेजारीण कुठं जात नाही, कुणाचा फोन घेत नाही. टेबलावर टॅब्लेट उभा करून बसते.

हे शहर 1847 मध्ये वसवलं ते याच पंथाच्या लोकांनी. बाहेरचे त्यांना मॉर्मन म्हणतात. त्यांच्यात मुलग्यानं दोन वर्षं आणि मुलीनं वाटल्यास दीड वर्ष धर्मप्रचाराला द्यायची रीत आहे. 2012 मध्ये मुलांची वयोमर्यादा एकोणीसवरून अठरावर आणि मुलींची एकवीसवरून एकोणीसवर आणली, तेव्हापासून जाणारी मुलं आणखी कोवळी झाली. कुठं जायचं ते मुलानं ठरवायचं नाही, चर्च ठरवतं. बरोबर नेमून दिलेल्या जोडीदार प्रचारकाला सोडून एकट्यानं कुठं फिरायचं नाही. खर्च घरच्यांनी किंवा मुलानं स्वतः साठवलेल्या पैशांतून करायचा. 2020 पासून अमेरिकेतल्या कुटुंबासाठी तो महिना 500 डॉलर आहे. आणि फोन? 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदाच. एक नाताळला आणि एक मे महिन्यातल्या मातृदिनाला. एरवी आठवड्याला एक ईमेल. शेजारणीचा थोरला त्या काळात जाऊन आलेला. ती सांगते, त्या दोन फोनांच्या आधी ती विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवायची आणि फोन आला की कागदाकडे बघायचंच राहून जायचं. आता दर आठवड्याला बोलता येतं. धाकट्याचा चेहरा दिसतो, सर्दी झालेली कळते.

सोलापूरहून आलेल्या मला हे सगळं परकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण माझा चुलतभाऊ दिगंबर मुनी आहे.

तो वालचंद इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर झाला. ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा. ऐलक म्हणजे मुनिपदाच्या अगदी अलीकडच्या पायरीवरचा त्यागी. आमच्या शहरात शिक्षण आणि त्याग असे एकाच पाटीवर लिहिलेले असतात. त्यानं आधी ब्रह्मचर्यव्रत घेतलं, संघात राहून अभ्यास केला आणि मग एक दिवस हजारो लोकांसमोर कपडे उतरवले, हातानं केस उपटले, मोरपिसांची पिंच्छी आणि कमंडलू घेतलं. त्याला नवं नाव मिळालं. काका-काकूंनी त्या दिवसापासून जुन्या नावानं हाक मारलेली नाही. ते त्याला महाराज म्हणतात आणि वाकून नमोस्तु करतात.

महाराजांना फोन नाही. ते वाहनात बसत नाहीत, त्यामुळे मी राहते तिथं ते कधीच येऊ शकणार नाहीत. दिवसातून एकदा जेवण आणि पाणीसुद्धा त्याच वेळी, उभं राहून, हाताच्या ओंजळीत. मुनीच्या 28 मूलगुणांतले हे नियम आहेत, त्यांत आईसाठी सूट नाही. पावसाळ्याचे चार महिने संघ एका गावात थांबतो, बाकी आठ महिने चालत असतो. विहाराच्या वाटेवरचे स्वयंसेवक व्हॉट्सअ‍ॅपवर रोज टाकतात: आज अमुक किलोमीटर, आहार अमुक गावी. सोलापुरात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथं आदल्या रात्रीचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. मी झोपायच्या आधी तो निरोप बघते. काकू यूट्यूबवर त्यांचं प्रवचन ऐकतात. ते सगळ्यांशी बोलत असतात आणि त्या सगळ्यांतल्या एक होऊन काकू ऐकतात.

पण काकूंकडे एक गोष्ट आहे जी शेजारणीकडे नाही. त्या चौका, म्हणजे मुनींच्या आहारासाठी शुद्ध स्वयंपाक, लावू शकतात.

चातुर्मासात त्या आणि काका संघ असेल त्या गावी जातात, एखादी खोली घेतात आणि आहाराची तयारी करतात. पहाटे आंघोळ, धुतलेलं वस्त्र, विहिरीचं पाणी गाळून उकळलेलं, पीठ ताजं दळलेलं, प्रत्येक दाणा निवडलेला. आहाराच्या वेळी सगळे श्रावक आपापल्या दारात हातात कलश, नारळ, फळं घेऊन उभे राहतात. महाराज मनात काही विधी धरून निघतात. अमुक खूण दिसेल तिथंच थांबायचं, नाही दिसली तर त्या दिवशी उपास. तो विधी काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. दारात उभे असलेले म्हणत राहतात, हे स्वामी, नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ.

मी एका चातुर्मासात काकूंबरोबर त्या दारात उभी राहिले आहे. गल्लीच्या टोकाला ते दिसले. वाळलेले, उन्हानं काळवंडलेले, खांद्याशी दुमडलेला उजवा हात. काकूंचा आवाज आधी फुटेना, मग मोठा झाला. ते आमच्या दारासमोरून गेले. पाऊलसुद्धा हळू झालं नाही. दोन दारं सोडून एका अनोळखी घरासमोर थांबले. त्या घरच्या बाईनं आनंदानं तीन प्रदक्षिणा घातल्या. काकू कलश घेऊन तशाच उभ्या होत्या. काका म्हणाले, "चला, तिथं जाऊन आपणही एक घास देऊ." काकू गेल्या. मन, वचन, काया आणि आहार शुद्ध आहे असं म्हणून झाल्यावर त्यांनी मुलाच्या ओंजळीत भाताचा घास ठेवला. मुलानं त्या काळात मीठ आणि तेल सोडलेलं होतं. सोलापूरच्या घरात वाढलेलं, शेंगांच्या चटणीवर अर्धी भाकरी जास्त खाणारं पोरगं. काकूंची नजर सारखी घासावर होती. त्यात केस किंवा किडा निघाला तर अंतराय होतो आणि मुनी तिथंच हात सोडतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीही नाही. त्या भीतीनं त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

दोन दिवसांनी ते काकूंच्या दारात थांबले.

परत येऊन मी हे शेजारणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की बोलायला मिळालं नाही तरी चालेल, पण मुलाला हातानं वाढायला मिळावं, असं तिला कित्येकदा वाटतं. मला तिचं म्हणणं पटतं. मी स्वतः आईशी रोज बोलते. बोलण्याची इतकी सोय झाली आहे की आता बोलायलाच उरत नाही. आई तरीही येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात चटणी आणि कडक भाकरीचं पुडकं घालते. त्या पुडक्यात तिच्या हाताला काहीतरी करायला मिळतं, ते फोनमध्ये मिळत नाही.

या दोन रस्त्यांची तुलना एका मर्यादेपुढे करता येत नाही हे मला कळतं. शेजारणीचा मुलगा दोन वर्षांनी परत येणार आहे. इथल्या विमानतळाची नवी इमारत 2020 मध्ये उघडली, तिच्यात घरच्यांना थांबायला एक मोठी खोली शेकोटीसकट मुद्दाम बांधली आहे, कारण परतणाऱ्या एकेका मुलाला घ्यायला तीस-तीस माणसं फलक आणि फुगे घेऊन येतात. काकूंच्या मुलाला परतीची वाट नाही. पण एका बाबतीत दोन्ही समाज सारखे वागतात आणि ते मला खुपतं. दोघंही आईला फक्त अभिमान बाळगायची परवानगी देतात. इथं मुलगा मधेच, आजारानं किंवा मनानं खचून, परत आला तर फलक-फुगे दिसत नाहीत आणि आई चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागते. आमच्याकडे दीक्षेच्या दिवशी शेकडो बायका काकूंना म्हणाल्या, तुम्ही धन्य, तुमची कूस धन्य. डोळे पुसले तर कुणीतरी हळूच म्हणायचं, मोह आवरा. काकू धन्य आहेत, हे मीही मानते. पण त्या रात्री रिकाम्या खोलीत त्या एकट्या होत्या.

आईबापांच्या दुःखाला अशी जागा न देण्याला धर्माचा आधार आहे असं मला वाटत नाही. आमच्या कुंथलगिरीचीच कथा बघा. बार्शीपलीकडची ही टेकडी कुलभूषण आणि देशभूषण या दोन भावांची सिद्धभूमी आहे. पद्मपुराणात त्यांची कथा येते. गुरुगृहातून परतणाऱ्या या राजपुत्रांचं मन खिडकीत उभ्या असलेल्या एका मुलीवर गेलं, आणि ती आपली सख्खी बहीण आहे हे कळताच दोघांनी विरक्त होऊन दीक्षा घेतली. त्यांचा बाप क्षेमंकर राजा हे सहन करू शकला नाही. त्यानं अन्न सोडलं आणि शोकात प्राण सोडला. पुराणकारानं त्याला मोहात पडलेला म्हणून टाकून दिलं नाही. तो मरून गरुडेंद्र नावाचा देव झाला. पुढे तपात बसलेल्या मुलांवर उपसर्ग, म्हणजे संकट, आला, राम-लक्ष्मणांनी तो दूर केला, आणि मुलांना केवलज्ञान झालं तेव्हा तो देव तिथं आला, रामाचे उपकार मानले. मुलांसाठी झुरून मेलेल्या बापाला त्या कथेत इतकी मोठी जागा आहे. आम्ही लहानपणापासून त्या टेकडीवर जातो, दर्शन घेतो, खव्याचे पेढे घेऊन परततो. बापाबद्दल कुणी बोलत नाही.

त्याच कुंथलगिरीवर 1955 मध्ये आचार्य शांतिसागरांनी सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी राहिली ती त्यांच्यामुळे. वैराग्य लहानपणापासून असूनही आईवडील हयात असेपर्यंत त्यांनी घर सोडलं नाही. कर्नाटक सीमेवरच्या सदलग्याच्या एका घराची तऱ्हा वेगळी. तिथला मुलगा 1968 मध्ये अजमेरला दीक्षा घेऊन विद्यासागर झाला, आणि पुढच्या काळात भाऊ, वडील, आई असं घरच त्याच्या मागोमाग निघालं. एकानं आईबापांसाठी थांबावं, एकाच्या मागे आईबापांनी चालावं. दोन्ही घरांत आईबापांचा विचार झाला होता. काकूंना यातलं काहीच शक्य नाही. काकांचे गुडघे गेलेत, सासूबाई अंथरुणाला आहेत. त्यांच्या वाट्याला चौका आला आहे, तोही वर्षातून थोडे दिवस.

म्हणून समाजातल्या बायकांना माझी एक विनंती आहे. दीक्षेनंतरच्या आठवड्यात त्या घरी जा, हार न घेता जा. मुलाचं जुनं नाव घेऊन आईला बोलायचं असलं तर बोलू द्या.

शेजारणीनं मागच्या महिन्यात काकूंना पत्र लिहिलं. मी ते फोनवर मराठीत वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर काकूंनी आधी विचारलं, "तिचं लेकरू तिकडं नीट जेवतंय का गं? रांधतं कोण?" मग म्हणाल्या, "दोन वर्षांनी येणार म्हणतेस, तर खोली तशीच ठेव म्हणावं तिला. मी वर्षभर ठेवली होती, मग ह्यांनी पुस्तकं पाठशाळेला दिली." मी दोन्ही निरोप पोचवले. शेजारीण म्हणाली, तो आणि त्याचा जोडीदार आळीपाळीनं रांधतात आणि रविवारी कुणीतरी घरी जेवायला बोलावतं. खोलीबद्दल ती म्हणाली की तिथं सध्या शिवणाचं मशीन आहे, ते ती बाहेर काढणार आहे.