न दिसलेली चाती

कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकत असताना कांद्याच्या मुळांचे प्रात्यक्षिक आम्हीही केले. आम्ही जुळ्या बहिणी. त्यामुळे बाक एक, सूक्ष्मदर्शक एक आणि चुकाही बहुधा सामाईक. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, फुटलेल्या पांढऱ्या मुळांची टोके कापायची, आम्लात मऊ करून अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवायची आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची. भिंगाखाली लालसर गुणसूत्रे दिसत, कांद्याची सोळा. कुठे मध्यरेषेवर रांगेत, कुठे दोन बाजूंना फाकलेली. त्यांना ओढणारे धागे मात्र दिसत नसत, कारण त्या रंगाने ते रंगतच नाहीत. तरीही आमच्या जर्नलात ध्रुवापासून ध्रुवापर्यंत पेन्सिलीच्या सुबक रेषा आहेत, पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या. त्यांखाली सही मिळाली, गुणही मिळाले, आणि न पाहिलेली वस्तू आपण पाहिली आहे असे आम्हाला वाटू लागले.

पुस्तकात या रचनेला ‘तर्कू’ म्हटले होते. शब्द संस्कृतातला, अर्थ चातीच. आमचे आजोबा शाहू मिलच्या सूतखात्यात होते. राजर्षी शाहूंनी १९०६ साली सुरू केलेली ती गिरणी बंद पडली, पण ‘चाती’ हा शब्द आमच्या घरात टिकला. सूत भरलेली, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती चाती ज्याने पाहिली त्याला ‘तर्कू’ वेगळा समजावून सांगावा लागला नसता. परिभाषा घडवणाऱ्यांनी एकदा गिरणीत डोकवायला हवे होते, असे आम्हाला अजूनही वाटते.

मात्र चातीची उपमाही एका जागी फसते. गिरणीतली चाती पोलादाची असते आणि टिकते. पेशीतली चाती दर विभाजनाला नव्याने उभी राहते आणि काम संपताच मोडते. तिचे धागे म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या पोकळ नळ्या, २५ नॅनोमीटर जाडीच्या. नळी वाढत जाते, अचानक कोसळते, पुन्हा वाढू लागते. हा चंचलपणा मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ साली दाखवला. चाचपडत वाढणारी नळी गुणसूत्रावरच्या पकडीला लागली तर टिकते, एरवी विरून जाते. प्राण्यांच्या पेशीत दोन टोकांना सेंट्रोसोम तरी असतात. कांद्याच्या पेशीत तेही नाहीत, आणि तरी चाती दोनच टोकांची होते. मुकादम नाही, पण कामे वाटलेली आहेत. कायनेसिन-५ नावाचे प्रथिन उलटसुलट मांडलेल्या दोन नळ्यांवर दोन्हीकडे पाय रोवते आणि त्यांना परस्परांपासून सरकवते. दुसरी प्रथिने नळ्यांची टोके गोळा करून ध्रुवाशी मोट बांधतात.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर नाचणाऱ्या सासनकाठ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचे लवकर उमगेल. उंच काठी एकजण पेलतो, पण तिचा तोल असतो सभोवार दोर ताणून धरणाऱ्यांच्या हातात. पेशीतही ताण हीच खूण. गुणसूत्राचे दोन जुळे भाग विरुद्ध ध्रुवांना बांधले गेले तरच ताण येतो. ताण नसलेली गाठ ऑरोरा-बी हे प्रथिन सोडवते आणि पुन्हा बांधू देते. एक जरी पकड मोकळी राहिली तरी सगळे विभाजन खोळंबून राहते.

हे सारे आम्ही पुन्हा वाचले ते आईमुळे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले, आठवड्याला एक सलाइन, असे बारा आठवडे. हे औषध मुळात अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतले. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या विषारी कळलावीतले कोल्चिसीन नळ्या जुळूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल त्यांना मोडू देत नाही. कृती परस्परविरुद्ध, पण दोहोंनी चाती बिघडते. या औषधाने पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून मरतात, एवढेच आम्ही शिकलो होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की स्तनाच्या गाठीत प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या मात्रेत ते विभाजन थांबवत नाही. चातीला दोनाऐवजी तीन-चार टोके फुटतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि पुढची पिढी त्या चुकीने मरते.

आठव्या आठवड्यानंतर आई म्हणाली, “बोटांवर कुणी मोजं चढवल्यागत वाटतंय बघा, पोरींनो.” मोगऱ्याचा गजरा करताना दोऱ्याची गाठ बसली की नाही, हे तिला कळेना. चेतापेशी विभागत नाहीत. त्यांना चातीची गरज नाही. पण पाठीच्या कण्यालगतच्या पेशीपासून बोटांच्या टोकापर्यंत जी मालवाहतूक चालते, ती ट्युब्युलिनच्याच नळ्यांवरून. आम्ही तिला हे समजावले. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “म्हंजे गाठीतला दोरा आन् बोटातला दोरा एकच म्हणायचा?” आम्ही हो म्हणालो. डॉक्टरांनी पुढची मात्रा कमी केली. कमी केलेल्या मात्रेत नेमके काय सुटले असेल, हा प्रश्न त्या रात्री आम्ही दोघींनी एकमेकींना विचारला नाही.

आता दोन वर्षे झाली. डाव्या हाताची जाणीव बरीचशी परतली आहे. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट अजून बधिर आहे. आई गजरा करते, पण हाताकडे बघत. मध्यंतरी माळ्यावर आमचे जुने जर्नल सापडले. त्या रेषा खोडाव्यात असे एकीचे म्हणणे, राहू द्याव्यात असे दुसरीचे.

जर्नल अजून टेबलावरच पडून आहे.