मेंढा-लेखा : आमच्या गावात आम्हीच सरकार



गावगाड्याचे गोडवे आपल्या समाजाने कधी गायले नाहीत. गावकुसाबाहेरचे जिणे आणि पाणवठ्यावरची बंदी आपल्या आजा-पणज्यांनी सोसली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी खेडे हे अज्ञानाचे व संकुचित वृत्तीचे आगर असल्याचे सुनावले आणि घटनेने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केले. म्हणून एखादे गाव एकीने चालते असे ऐकले की आपण आधी विचारावे : त्या गावाच्या बैठकीत बसते कोण?

हा प्रश्न सोबत घेऊन एकदा मेंढा-लेखा पाहून यावे. आमच्या धंतोलीतून गणेशपेठचे बसस्थानक पायी गाठता येते. तिथून एस.टी.ने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत वैनगंगा ओलांडली की आरमोरी आणि पुढे गडचिरोली. गडचिरोलीहून धानोरा रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. मोहाची झाडे, बांबूची रांजी, कौलारू घरे. वरवर पाहता इतर गावांसारखेच.

वेगळेपण ग्रामसभेत आहे. घरटी निदान एक पुरुष आणि एक बाई बैठकीला येते. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा करतात. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी अभ्यासगट चालविले. तिथे कायदे समजून घ्यायचे आणि निर्णय मात्र ग्रामसभेत करायचा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा आहे. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याकडेच राहिला होता. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मग गावाने आपला बांबू स्वतः विकला. ग्रामसभेचे बँकेत खाते आहे, पॅन कार्डही आहे. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला याचे मोल फार वाटते. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतीही ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरविले.

मेंढ्यात जातीची भिंत नाही, हे विसरून चालणार नाही. जिथे ती आहे, तिथे सर्वसहमतीच्या नावाखाली गरिबाला गप्प बसविणे सोपे असते. म्हणून हा नमुना उचलताना पहिली अट हीच की नाही म्हणणाऱ्या शेवटच्या माणसासाठीही बैठक थांबली पाहिजे.

आपल्या वस्तीत नळाचा, नालीचा, विहाराच्या वर्गणीचा विषय निघतो, तेव्हा चार पुरुष ठरवितात आणि आयाबायांना नंतर कळते. पुढच्या बैठकीला घरटी एक बाई बोलवा, जमाखर्च सर्वांसमोर वाचा आणि कोणी हरकत घेतली तर ती ऐकून घ्या. त्याला पैसा लागत नाही.