प्रश्न हवेचा आहे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका तालुक्याच्या गावाहून कोल्हापूरला परतत होते. "मॅडम, वाचकांना कळेल असं एवढंच लिहा, नेमबाजीच्या सरावाला बंदिस्त रेंज चांगली की उघडी?" मी हो म्हटलं, पण त्या वेळी मन त्या गावातल्या तळघरात अडकलं होतं. अजूनही ते तिथून पुरतं सुटलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते.

एका संस्थेने व्यापारी संकुलाच्या तळघरात पंचवीस मीटरची सहा लेनची रेंज बांधली होती आणि ती पाहायला नेमबाजीची प्रशिक्षक म्हणून मला बोलावलं होतं. गुळगुळीत फरशी, भिंतीवर ऑलिंपिकची वर्तुळं, चार स्प्लिट एसी. अध्यक्ष मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बघा मॅडम, मुंबईच्या तोडीची केलीय. पोरांना ऊन नाही, पाऊस नाही." आठ-दहा मुलं पॉइंट टू-टू बोअरच्या पिस्तुलाने सराव करत होती. एक मामा खराट्याने झाडत होते. खिडकीच्या कट्ट्यावरून मी बोट फिरवलं, तर ते राखाडी झालं. तिथल्याच बाकावर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी डबा उघडून पोळी-भाजी खात बसली होती.

या दृश्यात काय चुकलं हे सांगायचं तर थोडं तंत्रात शिरावं लागेल.

पहिली गोष्ट, नेमबाजी हा एकच खेळ नाही. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांची संख्या वाढली, पण समज तेवढी वाढली नाही. "मॅडम, पोरगी अजून छऱ्यांवरच हाय, खरी बंदूक कवा देणार?" असं मला विचारलं जातं. कुणी विचारतं, रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढून द्याल का? कुणाला फक्त पाच टक्के आरक्षणाची नोकरी हवी असते. माझ्या हातातली रायफल पाहून एखादं लग्नाचं वऱ्हाड थांबतं आणि हवेत बार काढून दाखवा म्हणतं. सत्तावीस वर्षं मी हे ऐकते आहे आणि आता थकले आहे. नेमबाजी म्हणजे स्वतःचं शरीर स्थिर करण्याची विद्या आहे. दहशतीशी तिचा काही संबंध नाही.

तर, रायफल-पिस्तुलाचे ऑलिंपिक खेळ तीन अंतरांचे. १० मीटरला एअर रायफल आणि एअर पिस्तूल, २५ मीटरला पिस्तूल, ५० मीटरला पॉइंट टू-टू रायफल. संपादकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आंतरराष्ट्रीय नियमांनीच दिलेलं आहे. १० मीटरची रेंज बंदिस्तच हवी. २५ आणि ५० मीटरच्या रेंजवर मात्र नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असतं आणि पुढच्या अंतराचा बराचसा भाग आकाशाला उघडा असावा लागतो.

असं का? एअर रायफलचा छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा, वजनाने अर्धा ग्रॅम. ज्या दहाच्या ठिपक्यावर तो मारायचा, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीचं टोक. दाराच्या फटीतली झुळूक इथे पदक हिरावून नेऊ शकते. म्हणून हवा स्थिर, टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड आणि बाकी सगळं सारखं. अशा खोलीत सबब उरत नाही. छर्रा डावीकडे गेला तर ट्रिगरवर बोट चुकीचं आलं, खाली गेला तर खांदा सैल पडला. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण, गगन नारंगचं २०१२ चं कांस्य आणि मनू भाकरची २०२४ ची दोन्ही पदकं याच बंदिस्त १० मीटरमधली आहेत. मुलाने सुरुवात बंदिस्त रेंजवरच करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपली चूक कोणती आणि वाऱ्याची कोणती हे कळायला आधी वारा बाजूला ठेवावा लागतो.

पण मग तो परत आणावाही लागतो. आमच्या क्षेत्रातला माझा जुना वाद इथेच आहे.

पॉइंट टू-टूची मॅच गोळी सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर वेगाने निघते. तो मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण आवाजाचा वेग ओलांडताना गोळी डळमळते. ५० मीटर कापायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्यात ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे ज्याने दोरीवरचे कपडे जेमतेम हलतात तो, तिला दीड सेंटिमीटर ढकलतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणजे अगदी निर्दोष झाडलेली गोळी दहाऐवजी जेमतेम नऊवर जाते. शिवाय नळीतल्या आट्यांमुळे गोळी उजवीकडे गिरक्या घेत जाते. त्यामुळे उजवीकडून वारा आला तर ती डावीकडे सरकताना थोडी वरही चढते, आणि डावीकडून आला तर उजवीकडे सरकताना खाली उतरते. टार्गेटवरचे ठसे दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंतच्या तिरक्या रेषेत पसरले असतील, तर नेमबाजाला दोष देऊ नका. ती वाऱ्याची सही आहे.

५० मीटरच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर कापडाच्या अरुंद पट्ट्या लावलेल्या असतात. प्रेक्षकांना ती सजावट वाटते. माझ्या मते १० मीटरवरची पट्टी आधी वाचावी, कारण गोळीला सुरुवातीलाच बसलेला धक्का उरलेल्या अंतरात वाढत जातो. वारा बदलला की साइटचे क्लिक फिरवून नेम सरकवायचा, की पहिल्यासारखा वारा येईपर्यंत रायफल खाली ठेवून थांबायचं, यावर प्रशिक्षकांत दोन तट आहेत. मी थांबणाऱ्यांच्या बाजूची. क्लिक फिरवेपर्यंत वारा पुन्हा फिरतो आणि एका चुकीच्या दोन होतात. समोरचे म्हणतात, ६० गोळ्यांना दीड तास, थांबायला वेळ कुठे आहे? त्यांचं म्हणणं खोटं नाही. वारा एका बाजूने टिकून राहिला तर क्लिक फिरवावेच लागतात. पण वारा टिकलाय की नुसता भटकतोय, हे ओळखायला नेमबाज वर्षानुवर्षं वाऱ्यात उभा राहिलेला असला पाहिजे. त्या ओळखीला दुसरा रस्ता नाही.

माझा एक विद्यार्थी होता. वरून पत्रे आणि चारी बाजूंनी उंच भिंती असलेल्या ५० मीटरच्या रेंजवर तो सराव करायचा. घरापासून जवळ आणि पावसाळ्यातही चालू, म्हणून मीच त्याला तिथे पाठवलं होतं. तिथे त्याचे ५८० च्या वर गुण येत. पहिल्या मोठ्या स्पर्धेत प्रोनच्या, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या, पाचव्या गोळीला पट्टी उलटी फिरली आणि त्याला आठ मिळाले. त्याने क्लिक फिरवले, पुन्हा आठ, परत फिरवले. संध्याकाळी तो म्हणाला, "मॅडम, माझं चुकतंय कुठे तेच कळेना." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. वारा मी त्याला कधी दाखवलाच नव्हता. पुढच्या वर्षी त्याने खेळ सोडला. पॅरिसला ५० मीटर रायफलच्या पात्रता फेरीत ५९० गुण करून स्वप्नील सातवा आला आणि अंतिम फेरीत गेला. ५८९ करणारा आपलाच ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर अकरावा राहिला. एका गुणाची एवढी किंमत असते, आणि वाऱ्यात गुण एकेकटा जात नाही. म्युनिकला २०१० मध्ये आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण करून जगज्जेतेपद मिळवलं. वाऱ्याला नशीब म्हणणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा.

उघडी रेंज आपोआप सुरक्षित असते असंही नाही. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. टार्गेटमागे मातीचा भक्कम बांध, बाजूला भिंती आणि वर गोळी अडवणाऱ्या आडव्या फळ्या नसतील, तर ती रेंज नव्हे, नुसता माळ आहे. शहरं वाढताहेत, रेंजच्या कुंपणाला इमारती टेकताहेत, आणि बंदिस्त रेंजची मागणी वाढण्याचं ते खरं कारण आहे. ती मागणी मला मान्य आहे. पण बांधणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. भिंती उभ्या केल्या की आतल्या हवेची जबाबदारी आपली होते.

पॉइंट टू-टूच्या एका गोळीत सुमारे २.६ ग्रॅम शिसं असतं. दहा मुलांनी रोज शंभर गोळ्या झाडल्या तर दिवसाला अडीच किलोहून जास्त शिसं लोखंडी पत्र्यावर आपटून फुटतं. त्यातलं काही धूळ होतं. शिवाय काडतुसाच्या बुडातल्या पेटत्या मसाल्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं, आणि त्याचा धूर मुलाच्या नाकापासून हातभर अंतरावर निघतो. उघड्यावर वारा तो घेऊन जातो. बंद खोलीत तो मुलाच्या फुप्फुसात जातो. मुलांच्या रक्तात शिसं किती असलेलं चालेल, तर वैद्यकशास्त्राकडे सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही.

उपाय माहीत आहे. नेमबाजाच्या पाठीमागच्या पूर्ण भिंतीतून हवा संथ, सरळ पुढे वाहिली पाहिजे आणि टार्गेटच्या बाजूने बाहेर ओढली गेली पाहिजे. फायरिंग लाइनवर तिचा वेग सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर असावा अशी शिफारस आहे. साडेसात मीटर रुंद आणि तीन मीटर उंच रेंजचा हिशेब केला तर सेकंदाला साडेआठ घनमीटर हवा लागते, आणि ती गाळून बाहेर सोडावी लागते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. म्हणजे तो गारव्याबरोबर शिसंही वाटतो. कोरडा झाडू चालत नाही, कारण बसलेली धूळ पुन्हा उडते. आत खाणं-पिणं नाही. बाहेर पडताना हात-तोंड धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे. आवाजाचंही तसंच. बंद खोलीत तो भिंतींवरून परततो, म्हणून कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत. १० मीटरच्या एअर रेंजवर पेटता मसाला नसतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी. पण तिथेही छर्रे अडवणाऱ्या पेलेट ट्रॅपखालची धूळ ओल्या फडक्यानेच पुसायची.

हे सगळं मी त्या दिवशी अध्यक्षांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "एवढा खर्च करून बांधली आणि तुम्ही बंद करा म्हणता?" मी म्हटलं, बंद करू नका, पण हवेची सोय होईपर्यंत फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल चालवा. आठ दिवसांत लेखी अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही. महिन्याने कळलं की पॉइंट टू-टू तशीच चालू आहे.

मला खुपतं ते वेगळंच. डबा खाणाऱ्या त्या मुलीला मी फक्त "बाळा, बाहेर बसून खा" म्हटलं. तिच्या आई-वडिलांना फोन केला नाही. संस्थेने बोलावलं होतं, पाहुणी म्हणून गेले होते, शिष्टाचार आड आला. अहवाल दिला की आपलं काम संपलं, असं स्वतःला सांगितलं. ते संपलं नव्हतं. हा लेख लिहायला बसण्याआधी मी त्या गावातल्या ओळखीच्या एका क्रीडाशिक्षकांकडून पालकांचे नंबर मिळवले आणि एकेकाशी बोलले. मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या म्हटलं. दोघांनी घेतलं. बाकीच्यांनी "बघतो मॅडम" म्हटलं.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. सुरुवात बंदिस्त १० मीटरवर, निदान दोन वर्षं. पॉइंट टू-टू हाती आली की उघड्या रेंजवर, आणि पहिल्या दिवसापासून वाऱ्यात. बंदिस्त रेंजवर पॉइंट टू-टू चालवायचीच असेल तर हवेची व्यवस्था आधी, फरशी आणि एसी नंतर.

पालकांना एक विनंती. फीचा चेक लिहिण्याआधी, सराव थांबलेला असताना पण हवेची यंत्रणा चालू ठेवून, मुलाच्या जागी फायरिंग पॉइंटवर उभे राहा. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी चिमटीत धरून नाकासमोर लोंबती ठेवा. ती टार्गेटच्या दिशेने झुकून तशीच राहिली पाहिजे. ती लोंबकळत राहिली किंवा तुमच्याकडे वळली, तर मुलाचा हात धरा आणि बाहेर पडा.