रंग नको, फोम दाबून बघा

इंदूरच्या आमच्या घरी बाबांची जुनी गाडी आहे. तिचा रंग अजून मूळचाच, आणि तो टिकवायचं काम माझ्याकडे. पॉलिशचा फोम पॅड मी रंग बघून घेत नाही. एका कंपनीचा नारंगी पॅड कडक, तर दुसरीचा मऊ असू शकतो. दाबून सोडताच फोम फुलला तर ठीक. खळगा राहिला किंवा वेल्क्रो सुटू लागला, तर बाद. सुरुवात नेहमी मऊ पॅडने, बॉनेटच्या छोट्या चौकोनावर. ओरखडे गेले तर कडक पॅड काढतच नाही. वरचा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉन, फार तर केसाएवढा. घासला गेला की परत येत नाही. बाबांना आरशासारखी चमक हवी असते. मी मात्र दोन-चार बारीक रेघा राहू देतो. गाडी अजून पुष्कळ वर्षं ठेवायची आहे.