परिशिष्टातली तिकिटे

आमच्या नानांना दोन गोष्टींचा फार अभिमान. पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षे एकही खाडा न करता काढली ही पहिली (आईच्या हिशेबाने दोन खाडे झाले होते). आणि दुसरी, त्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम.

हा आल्बम १९६८ ते १९७२ या सालांत भरला. चिंचवडला दोन खोल्या, पगार बेताचा. तरी महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन नाना तिकिटांचे एक पाकीट आणीतच. अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल कुवैन, मनामा! कुठे चंद्रावर उतरलेले अपोलो यान, कुठे नेपोलियन, कुठे ऑलिंपिकचे धावपटू. शेजारी इंग्लंडच्या राणीचे एकरंगी तिकीट अगदी विधवेसारखे दिसे. लहानपणी मला वाटे, अजमान हा देश निदान फ्रान्सएवढा तरी असणार. पुढे कळले की सारे अजमान मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर; म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या जेमतेम दीडपट. आणि मनामा तर त्या अजमानच्या ताब्यातला एक चिमुकला मुलूख!

दोन वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात स्टॅन्ले गिबन्सचा एक जुना कॅटलॉग मिळाला. नानांच्या तिकिटांची किंमत काढावी म्हणून माझी आठवीतली कन्या नि मी उत्साहाने बसलो. नानांची बहुतेक तिकिटे मुख्य यादीत नव्हतीच. ती होती मागे, परिशिष्टात. चित्र नाही, क्रमांक नाही, किंमत नाही. अमक्या साली अमुक विषयावर इतकी तिकिटे, एवढाच उल्लेख.

कारण मोठे सरळ होते. १९६३ साली तिथली ब्रिटिश टपालव्यवस्था संपली आणि एकेका संस्थानाने तिकिटे छापण्याचा मक्ता परदेशी व्यापाऱ्यांना दिला. अमेरिकेच्या फिनबार केनी यांनी अजमान व फुजैराशी असे करार केले. वाळवंटात पत्रे लिहिणारे मूठभर. तिकिटे मात्र शेकड्यांनी. पुष्कळांवर छापखान्यातूनच शिक्का उठवलेला, मागचा डिंक जसाच्या तसा! गिबन्सचा नियम असा, की टपालाच्या गरजेबाहेर काढलेली किंवा छापील किमतीला लोकांना पुरेशी न मिळालेली तिकिटे मुख्य यादीत घ्यायची नाहीत. अमेरिकेच्या स्कॉटनेही त्यांतल्या बहुतेकांना बाहेरच ठेवले. जर्मनीच्या मिशेलने मात्र उदार मनाने क्रमांक दिले. पुढे अमिराती एक झाल्या नि १९७३ पासून त्यांची एकच तिकिटे सुरू होऊन हा बाजार उठला.

नियम मला पटला. २०१८ साली आमच्या चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांचे तिकीट निघाले, ते कोणीही पाच रुपये देऊन घ्यावे नि पत्राला लावावे असे होते. तिकीट म्हणायचे ते याला. शिवाय, आम्ही मराठीचे प्राध्यापक तरी वेगळे काय करतो? कोणाला पाठ्यपुस्तकात घ्यावे नि कोणाला तळटीपेत ढकलावे, यावर अभ्यासमंडळात तासन् तास भांडतोच की! पण इथे वडिलांची सारी दौलत परिशिष्टात गेली होती. मी कॅटलॉग कपाटाच्या वरच्या फळीवर नेऊन टाकला.

नानांच्या पंचाहत्तरीला आम्ही पोस्टाच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेतला ताव करून आणला. तीनशे रुपयांत पाच रुपयांची बारा तिकिटे आणि प्रत्येकाला जोडून नानांचा फोटो. नाना हरखले. तेवढ्यात कन्या म्हणाली, “पण आजोबा, तुमच्या फोटोला कॅटलॉगमध्ये नंबर नाही मिळायचा. तुमच्या मनामालासुद्धा नाही!”

मी डोळे वटारले. पण उशीर झाला होता.

“ठाऊक आहे,” नाना शांतपणे म्हणाले. “मुंबईहून एक तिकीटवाला आला होता. आल्बम चाळला नि म्हणाला, हे वॉलपेपर आहेत. चौऱ्याहत्तर साल असेल.”

“मग ठेवलात कशाला?” मी विचारले.

“रात्रपाळीहून आलो की झोप लागत नसे रे. तुझी आई गाढ झोपलेली. दिवा बारीक करून हेच बघत बसायचो. टाकून द्यायचे होय?”

मला काही बोलता येईना. पन्नास वर्षे ही गोष्ट त्यांनी आमच्यापासून लपवली होती, आणि मी मात्र माझ्या आठवड्याभराच्या गुपिताचे केवढे ओझे मानले होते!

दुसऱ्या दिवशी नानांनी त्या तावातले एक तिकीट फोटोसकट पाकिटाला लावले आणि चाकणच्या आपल्या जुन्या सोबत्याला पत्र टाकले. त्यांच्या कांद्याच्या वावराच्या बांधाला आता मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना टेकला आहे. आत ठळक अक्षरांत सूचना होती : पत्र ठेव, पाकीट परत पाठव. आठवड्याने ते आले. पोस्टाचा काळा शिक्का तिकिटावर अर्धा नि नानांच्या कपाळावर अर्धा उमटला होता.

नानांनी भिंग लावून तारीख वाचली, आल्बम उघडला आणि कन्येला मनामाच्या पानावर जागा करायला सांगितले.