गेटवरची हजेरी

नवरात्रात कुरकुंभच्या फिरंगाईच्या दारी माणसं हजेरी लावायला येतात. तिथं वही नसते, सही नसते. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत मात्र नाव लागल्याखेरीज रसायनांच्या कारखान्यात पाऊल पडत नाही. पहिल्या शिफ्टला दौंडकडून, वाड्यावस्त्यांवरून लोक येतात. कार्ड, अंगठा, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा. सिमेंट कालवून रेषा झिजलेलं बोट मशीन चटकन घेत नाही. माणूस बोट शर्टाला पुसतो, परत टेकवतो. राबल्यामुळेच ओळख पुसली जावी, हे मला फार लागतं.

चिनी भाषेत अशा हजेरीला छ्येनदाओ म्हणतात. सही केली, पोचलो. तिकडच्या वर्गात नाव पुकारलं की मुलं ‘दाओ’ म्हणतात, आपल्या ‘हजर’सारखं. पुकारणारा आणि ओ देणारा, दोघं असले तरच हजेरी पुरी होते.

पण पुकारणारा कोण, यावर सगळं असतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पुढं त्याच्या कचाट्यात सापडलेल्या जमातींच्या माणसांना काही गुन्हा नसताना पोलिसांपुढं हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ला ते जोखड उतरलं. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७२च्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या बाया हजेरीपटावर अंगठा उठवत, तेव्हा त्या शाईवर घरातली चूल पेटायची. खाडा पडला की मजुरी बुडाली.

कुरकुंभच्या हजेरीत मला पगारापेक्षा जीव जास्त दिसतो. इथं आगी लागल्या आहेत, स्फोट झाले आहेत. धोक्याचा भोंगा वाजला की वारा कुठला आहे ते पाहून, वायूच्या झोताबाहेर पडून, सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचं असतं. मग गेटवरची यादी वाचायची. ज्याची ओ येत नाही, त्याला शोधायला माणसं आत शिरतात. आता समजा, ठेकेदाराचा बदली कामगार दुसऱ्याच्या कार्डावर आत गेलाय. यादीतला माणूस घरी झोपलेला आणि आत अडकलेल्याचं नाव कुणी घेतच नाही. म्हणून बदली आला तर त्याचं नाव, गाव, घरचा फोन नंबर लिहूनच त्याला आत सोडावं, आणि सुटताना बाहेर पडल्याची नोंदही तितक्याच चोखपणे करावी. शिफ्टला दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्यावा.